जुने खिशातले चाकू जमवताना नेहमी पडणारे प्रश्न

गेली बावीस वर्षं मी मिटवायचे जुने चाकू जमवतो आहे. घरी येणारे पाहुणे, जुन्या बाजारातले ओळखीचे विक्रेते, भाच्याचे मित्र, सगळे साधारण तेच प्रश्न विचारतात. काही प्रश्न मीही कुणाकुणाला विचारले होते आणि उत्तरं मिळायला वर्षं गेली. ती सगळी इथे एकत्र लिहिली आहेत. जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे उत्तर लांबलं आहे.

खिशातला चाकू म्हणजे नेमका कोणता?

ज्याचं पातं मुठीत मिटतं आणि जो मिटल्यावर खिशात मावतो, तो. सुरी, खंजीर, जांबिया यांना म्यान लागतं. या चाकूची मूठ हेच त्याचं म्यान. बहुतेक जुन्या चाकूंच्या पाठीला एक पोलादी पट्टी असते, ती म्हणजे कमान. तीच पात्याला उघडं किंवा मिटलेलं दाबून धरते, वेगळा खटका नसतो. पात्यावर नख अडकवायला एक बारीक खाच असते.

यातल्या लहान चाकूंना इंग्रज लोक पेननाइफ म्हणत, कारण पिसाच्या लेखणीचं टोक तासायला ते वापरले जात. आपल्याकडे मोडी लिहिणाऱ्या कारकुनाला हीच गरज होती. बोरू झिजला की चाकूने नवं टोक काढायचं, मधोमध चीर द्यायची आणि पुढे लिहायचं. कलमदानात दौतीशेजारी छोटा चाकू असायचा तो यासाठी. म्हणून मी या चाकूंना हत्यारांत धरत नाही. माझ्या लेखी ते लेखणी आणि चष्म्याच्या घराशेजारी बसतात.

तुम्हाला हा नाद लागला कसा?

आजोबांमुळे. ते सातारा जिल्ह्यातल्या एका गावात प्राथमिक शाळेत शिक्षक होते. सदऱ्याच्या खिशात दोन पात्यांचा, म्हशीच्या शिंगाच्या मुठीचा चाकू कायम. मोठ्या पात्याने आंबा कापायचे, सुतळी तोडायचे. छोटं पातं फक्त पेन्सिलींसाठी. शाळेतल्या मुलांच्या पेन्सिली रांगेने तासून देताना ते छिलका खाली पडू देत नसत, डाव्या तळहातावर धरत. ते गेल्यावर आजीने तो चाकू माझ्या हातात न देता जमिनीवर ठेवला आणि म्हणाली, ‘घे उचलून.’ आमच्याकडे धारेची वस्तू हातातून हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात.

पुढे वाचताना कळलं की इंग्लंडातही असंच आहे. तिथे कुणी चाकू भेट दिला तर घेणारा त्याला एक नाणं देतो, म्हणजे ती भेट न राहता खरेदी होते आणि मैत्री तुटत नाही.

महाराष्ट्रात असे चाकू कुठे मिळतात?

सगळ्यात आधी स्वतःच्या घरात बघा. शिवणाच्या डब्यात, देवघराच्या खणात, आजोबांच्या ट्रंकेत. तान्ह्या बाळाच्या उशाखाली अडकित्ता किंवा चाकू ठेवायची पद्धत अनेक घरांत आहे, आणि त्या निमित्ताने पिढ्यान्पिढ्या जपलेले एकदोन उत्तम चाकू मी पाहिले आहेत. लोखंड हवं म्हणून ठेवलेला, फारसा न वापरलेला, त्यामुळे पातं पूर्ण रुंदीचं.

बाजारात म्हणाल तर पुण्याचा जुना बाजार, बुधवार आणि रविवार. मुंबईत चोर बाजारातली मटण स्ट्रीट. खडकी, देवळाली अशा छावण्यांच्या गावांत भंगारवाल्यांकडे लष्करी चाकू निघतात. सकाळी लवकर जा, आणि चाकू मागू नका. ‘जुनी पेनं, घड्याळं, अडकित्ते आहेत का’ असं विचारलंत की त्याच डब्यातून चाकू निघतो. चाकू मागितला की विक्रेता नवा कोरा रामपुरी पुढे करतो.

अडकित्त्यांवरून आठवलं. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते पाहिले नसतील तर आधी ते पाहून या. घोडे, पक्षी, माणसं, काय काय आहे. रोज वापरायच्या धारेच्या वस्तूवर किती जीव लावता येतो हे मला तिथे पहिल्यांदा कळलं.

विकत घेण्याआधी चाकू हातात घेऊन काय बघायचं?

क्रम सांगतो, मी असाच बघतो.

चाकू मिटलेला असताना प्रकाशासमोर धरा. मुठीच्या पट्ट्या आणि आतले पितळी पत्रे यांच्यामध्ये फट दिसते का? दिसली तर मूठ आकसली आहे किंवा आतला गंज तिला बाहेर ढकलतो आहे. मग पातं हळू उघडा. चांगल्या चाकूचं पातं सुरुवातीला विरोध करतं आणि शेवटच्या टप्प्यात स्वतःच जाऊन ‘टक्’ असं बसतं. मिटतानाही तसाच आवाज. हा आवाज म्हणजे कमान जिवंत असल्याची खूण. पातं लुळं पडत असेल तर कमान थकली आहे किंवा आतला खिळा झिजला आहे, आणि यावर घरगुती उपाय नाही.

नंतर पातं उघडून डावीउजवीकडे हलवून बघा. किंचित हललं तर चालतं, खडखडलं तर नाही. शेवटी पात्याची रुंदी बघा. वर्षानुवर्षं दगडावर घासून पातं अरुंद होतं. एक सोपी खूण अशी: चाकू मिटल्यावर पात्याचं टोक मुठीच्या आत दडायला हवं. पातं फार घासलं किंवा टोक मोडून नवं काढलं की ते वर डोकावतं आणि खिशात टोचतं. एकाच चाकूतलं एक पातं चकचकीत आणि दुसरं काळसर असेल तर दोन चाकूंची जोडाजोड असण्याची शक्यता धरा.

चाकू किती जुना आहे हे कसं ओळखायचं?

पात्याच्या मुळाशी, जिथे ते मुठीत शिरतं, त्या चपट्या भागावर ठसा असतो. बहुतेक उत्तरं तिथेच असतात. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, सोनाराकडे असतं तसं, आणि दिवा बाजूने धरा. समोरून धरलेल्या प्रकाशात झिजलेला ठसा दिसत नाही, बाजूच्या प्रकाशात अक्षरांच्या कडा सावलीने उभ्या राहतात. पावडर किंवा खडू चोळू नका.

आता काय वाचायचं ते.

मुकुटाच्या दोन बाजूंना अक्षरं असतील तर तो इंग्लंडच्या राजाराणीचा संक्षेप. व्ही आर म्हणजे व्हिक्टोरिया, १८३७ ते १९०१. ई आर म्हणजे एडवर्ड किंवा एलिझाबेथ आणि जी आर म्हणजे जॉर्ज, बहुधा तिच्यानंतरचे. इंग्लंडातल्या शेफिल्ड शहरातल्या जोसेफ रॉजर्स या कंपनीच्या चाकूंवर हे हमखास सापडतं.

देशाचं नाव आहे का? ब्रिटनने १८८७ साली कायदा करून परदेशी मालावर देशाचं नाव घालायला लावलं आणि अमेरिकेने १८९०च्या मॅकिन्ली कायद्याने तेच केलं. म्हणून नुसतं ‘शेफिल्ड’ असलेला चाकू बहुधा त्याआधीचा, ‘इंग्लंड’ जोडलेला नंतरचा. ‘बहुधा’ लिहिलं आहे, कारण इंग्लंडातच विकायच्या मालाला ही सक्ती नव्हती.

पातं स्टेनलेसचं असेल तर तो १९१३च्या आधीचा असूच शकत नाही. त्या वर्षी शेफिल्डमध्ये हॅरी ब्रेअर्ली यांनी न गंजणारं पोलाद काढलं. सुरुवातीला ते चाकूला चांगलं नाही असं म्हणणारे कारागीर बरेच होते आणि साधं पोलाद पुढे कितीतरी वर्षं चालू राहिलं. त्यामुळे उलटा निष्कर्ष काढू नका. गंजणारं पातं म्हणजे जुनंच असं नाही.

लष्करी चाकू सगळ्यात सोपे. काळी खडबडीत मूठ, एक रुंद बोथट टोकाचं पातं, डबा उघडायचं हत्यार आणि पाठीला जाड टोच्या, असा चाकू दिसला तर वर्ष बहुतेक वेळा पात्यावरच छापलेलं असतं. सोबत बाणाची खूण असेल तर तो सरकारी माल, आणि बाणाबरोबर इंग्रजी ‘आय’ असेल तर भारतीय लष्करासाठीचा. १९४२, १९४३, १९४४ ही वर्षं आपल्या बाजारात वारंवार भेटतात.

प्रत्येक जण शेफिल्डचंच नाव का घेतो?

कारण या वस्तूला शेफिल्डने रूप दिलं. पाच लहान नद्या, त्यांच्यावर सान फिरवणारी पाणचाकं, आणि सानेला लागणारा दगड जवळच्याच डोंगरात. १६२४ साली इंग्लंडच्या संसदेने कायदा करून तिथल्या चाकू करणाऱ्यांची कंपनी स्थापन केली. प्रत्येक कारागिराची खूण तिच्या वहीत नोंदलेली. १७४०च्या दशकात बेंजामिन हंट्समन नावाच्या घड्याळजीला घड्याळाच्या कमानीसाठी एकसारखं पोलाद मिळत नव्हतं, म्हणून त्याने ते मुशीत वितळवून ओतायची पद्धत काढली. चाकूच्या पात्याला आणि कमानीला ते पोलाद अगदी योग्य ठरलं.

चाकू करणं हे एका माणसाचं काम नव्हतं. पातं ठोकणारा वेगळा, घासणारा वेगळा, जोडणारा वेगळा. एखादी खोली भाड्याने घेऊन स्वतंत्रपणे काम करणाऱ्या कारागिरांना तिथे ‘लिटल मेस्टर’ म्हणत, म्हणजे छोटे मालक. त्यांच्यातलं अलीकडचं मोठं नाव म्हणजे स्टॅन शॉ. १९२६चा जन्म, चौदाव्या वर्षी कामाला लागले आणि आयुष्यभर खिशातलेच चाकू केले. २०२१ साली ते वारले.

या कौतुकात सान चालवणाऱ्यांना विसरू नये. कोरड्या दगडावर पोलाद घासताना उडणारी धूळ त्यांच्या फुफ्फुसांत बसायची. त्या दम्याला गावात त्यांच्या धंद्याचंच नाव पडलं होतं. कितीतरी जण तरुणपणीच गेले. भिंगाखाली पात्यावरच्या त्या समांतर बारीक रेषा बघताना मला हे दर वेळी आठवतं.

रॉजर्सची खूण आहे चांदणी आणि माल्टीज क्रॉस, १६८२ साली नोंदलेली. या कंपनीने १८२२ साली एक चाकू केला, त्याला वर्षाइतकी म्हणजे १,८२२ पाती. नंतर त्यात वर्षाला एक पातं वाढवण्याची प्रथा पडली. १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी त्यांनीच ७५ पात्यांचा, शिंपल्याच्या मुठीचा नॉरफोक चाकू केला. तो शेफिल्डच्या कटलर्स हॉलमध्ये आहे. दुसरं मोठं घराणं जॉर्ज वॉस्टनहोम, खूण ‘आय एक्स एल’. जलद म्हटलं की इंग्रजीत ‘मी सरस ठरतो’ असं ऐकू येतं.

जर्मन चाकू कमी दर्जाचे असतात का?

मुळीच नाही. झोलिंगन हे शेफिल्डच्या तोलाचं गाव. झोलिंगनचं नाव कुणीही वापरू नये म्हणून १९३८ साली तिथे स्वतंत्र कायदा झाला. जुळ्या माणसांची खूण म्हणजे हेंकेल्स, १७३१ची नोंद. झाडाची खूण म्हणजे बोकर, १८६९पासूनचं.

आपल्या बाजारात डोळ्यांत तेल घालून शोधावा असा एक म्हणजे उडी मारणाऱ्या मांजराची खूण असलेला, काळ्या पत्र्याच्या मुठीचा ‘के ५५ के’. दिसायला अगदी साधा, पत्रा दुमडून केलेला. तो करणाऱ्या काउफमान यांच्या झोलिंगनमधल्या कारखान्याचं नाव होतं ‘इंडियावेर्क’. जर्मनीतल्या कारखान्याला आपल्या देशाचं नाव! हे कळलं त्या दिवशी मी माझ्याकडचा मांजराचा चाकू पुन्हा बाहेर काढून बराच वेळ बघत बसलो होतो.

फ्रेंच आणि स्विस चाकूंचं काय?

ओपिनेल घ्याच, आणि पहिल्यांदा तोच घ्या. जोसेफ ओपिनेल यांनी १८९०मध्ये सावोयच्या डोंगराळ भागात तो केला. लाकडी दांडा, एक पातं, एक खिळा. पात्यावर मुकुट आणि आशीर्वादाचा हात. पातं अडकवणारी फिरती कडी १९५५ साली आली, त्यामुळे मोठ्या आकाराच्या ओपिनेलला कडी नसेल तर तो त्याआधीचा समजायला हरकत नाही. आठ नंबरचं पातं साडेआठ सेंटीमीटर. नवा आजही परवडतो, आणि चाकूची धार, गंज, लाकडाचं फुगणं हे सगळं शिकवतो.

लागिओल हे नाव मात्र जपून. ते फ्रान्समधल्या एका गावाचं आणि तिथे १८२९च्या सुमारास जन्मलेल्या घाटाचं नाव आहे, कंपनीचं नाही. ते कुणीही छापत आलं आहे. मुठीवर माशी आहे म्हणून तो अस्सल ठरत नाही.

स्विस सैनिकांचा पहिला चाकू १८९०च्या नमुन्याचा. रायफल उघडायला स्क्रूड्रायव्हर आणि डबा फोडायला हत्यार हवं होतं म्हणून तो झाला. पहिली खेप जर्मनीतून आली, कारण तेवढी मोठी ऑर्डर पुरी करणारं स्वित्झर्लंडमध्ये कुणी नव्हतं. ईबाख गावच्या कार्ल एल्सनर यांनी १८९१पासून ते काम देशात आणलं. पुढे १८९७मध्ये त्यांनी अधिकाऱ्यांसाठीचा हलका चाकू नोंदवला, तो आज जगाला माहीत असलेला लाल चाकू. आईचं नाव व्हिक्टोरिया, आणि १९२१मध्ये त्याला न गंजणाऱ्या पोलादाचं फ्रेंच नाव ‘इनॉक्स’ जोडलं, असं व्हिक्टोरिनॉक्स. संग्राहकाने लाल चाकूंपेक्षा १९६१च्या नमुन्याचा ॲल्युमिनियमच्या मुठीचा सैनिकी चाकू शोधावा. पात्यावर वर्षाचे दोन आकडे असतात.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून मागवायचा असेल तर?

केस कंपनीचा मागवा, कारण त्यांच्यासारखी तारीख दुसरं कुणी लिहीत नाही. १९७० साली त्यांनी ठशाखाली दहा ठिपके घातले आणि दर वर्षी एक कमी केला. १९७४चे सहा, १९७९चा एक. १९८०मध्ये पुन्हा दहापासून, पण वेगळ्या वळणाच्या ‘एस’ अक्षरासह. नमुन्याच्या आकड्यातही अर्थ असतो. ६३१८ म्हणजे ६ हाडाची मूठ, ३ पाती, १८ नंबरचा घाट. ठिपके मोजायलाही भिंगच लागतं, एकदोन झिजलेले असू शकतात.

रामपुरी संग्रहात असावा का?

असावा, पण चित्रपट डोक्यातून काढून. रामपूरच्या कारागिरांचं पितळी मुठीचं काम, पात्यावरची नक्षी आणि दातेरी खटक्याचा तो ‘कट् कट् कट्’ आवाज ही खरी कारागिरी आहे. २०२३ साली रामपूर शहराने चौकात एक प्रचंड रामपुरी उभारला, इतका तो त्यांना आपला वाटतो. लांब पात्याचे चाकू कायद्याच्या कचाट्यात येतात, त्याविषयी पुढे लिहिलं आहे. मी फक्त छोटे जुने घेतो.

हस्तिदंती किंवा सांबरशिंगाची मूठ घेऊ का?

नाही. हा मुद्दा इतर कुठल्याही देशातल्या संग्राहकापेक्षा आपल्याला जास्त लागू आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

शेफिल्ड आणि झोलिंगनच्या उत्तम चाकूंवर जी तपकिरी, खडबडीत शिंगाची मूठ असते, ती बहुतेक भारतातल्या सांबराच्या शिंगाची. सांबराचं शिंग आत भरीव असतं, म्हणून पातळ काप काढूनही ते ठिसूळ होत नाही. आपल्या जंगलात गळलेली शिंगं टनावारी बोटीने गेली आणि पोलाद लावून त्यातली काही परत इथेच विकायला आली. १९९०च्या दशकाच्या अखेरीस भारताने शिंगांची निर्यात बंद केली. तेव्हापासून परदेशातले संग्राहक जुन्या ‘इंडियन स्टॅग’च्या आठवणी काढतात.

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू आहे. गळलेलं शिंगही त्यातून सुटत नाही. हस्तिदंताच्या व्यापारावर पूर्ण बंदी आहे. कासवाच्या पाठीची मूठ, तेही तसंच. वस्तू शंभर वर्षांची आहे ही सबब व्यवहार करताना चालत नाही. बाजारात अशी मूठ दिसली की मी चाकू खाली ठेवतो. वारशाने घरात आली असेल तर विकू नका, कुणाला पाठवू नका, आणि वन खात्याच्या कार्यालयात जाऊन कागदपत्रांविषयी विचारा.

घाबरून सगळंच टाळायला नको. म्हशीचं शिंग, गुराचं हाड, शिसवी, आबनूस, पितळ हे सगळं आहे. हाड आणि हस्तिदंत यातला फरक भिंगाखाली दिसतो: हाडात बारीक काळसर ठिपके आणि रेघा, कारण तिथून रक्तवाहिन्या गेलेल्या असतात. हस्तिदंतात ठिपके नसतात, टोकाकडच्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषा असतात.

नकली कसे ओळखायचे?

रॉजर्सची इतकी चलती होती की नक्कल करणारे तेव्हाच निघाले होते. इंग्रजी नावात (Rodgers) ‘डी’ हे अक्षर आहे का, चांदणी आणि क्रॉस दोन्ही आहेत का, ते बघा. नक्कलही शंभर वर्षं जुनी असू शकते आणि तिचं स्वतःचं मोल असतं. रॉजर्सच्या किमतीला घेऊ नका एवढंच. आजचे खोटे चाकू ठशावरून कळतात. जुना ठसा पोलाद तापलेलं असताना दाबलेला, कडा गोलसर. लेझरने कोरलेलं अक्षर सपाट आणि करडं दिसतं. आणि पितळ सगळीकडे सारखंच काळं असेल तर ते वापराने झालेलं नाही, रसायनाने केलेलं आहे. वापरातल्या मुठीवर अंगठा पडतो तिथे चमक असतेच.

जुन्या चाकूला धार लावून घेऊ का?

कृपा करून चाकावर देऊ नका.

आजोबांचा चाकू मी हौसेने एका धार लावणाऱ्याला दिला होता. सायकलवर चाक घेऊन गल्लीत यायचा. त्याने त्याचं काम त्याच्या पद्धतीने मनापासून केलं. ठिणग्या उडाल्या, पातं लखलखलं, दहा रुपये घेतले. घरी आणून बघतो तर धार पात्याच्या मुळापर्यंत गेलेली आणि ठसा अर्धा पुसलेला. चांदणी उरली, क्रॉस गेला. आजोबांच्या पात्यावर निळसर करडा रंग होता, पन्नास वर्षांच्या आंब्यांचा आणि लिंबांचा, तो मिनिटभरात गेला. तो चाकू कुणी काही केलं तरी पहिल्यासारखा होणार नाही. चूक माझी होती, त्याला काय जपायचं हे मी सांगितलंच नव्हतं.

वापरायच्या चाकूला बारीक दगडावर, पाणी किंवा तेल लावून, हाताने धार काढा. दोन्ही बाजूंनी सारखे घास, जोर नाही. संग्रहातल्या चाकूला धार लावायचीच नाही.

पात्यावरचा काळेपणा म्हणजे गंजच ना?

विळीवर कैरी चिरली की विळी काळी पडते, कैरीच्या फोडीलाही काळी छटा येते. हे तेच. आंबटाने साध्या पोलादावर निळा, करडा, काळा थर बसतो. तो पात्याचं रक्षण करतो. त्याला हात लावू नका.

तांबडा, बोटाला लागणारा, तो गंज. तेलाचा थेंब टाकून रात्रभर ठेवा. सकाळी जुन्या तांब्याच्या नाण्याच्या कडेने हलकेच खरवडा. तांबं पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे पात्यावर चरा उठत नाही आणि गंज सुटतो. पॉलिश पेपर कधीच नाही. पितळी पत्रे कळकलेले असतील, हिरवं दिसत असेल, तर लाकडी काडीने काढा. चिंच लावून घासायचा मोह होतो, पण ती कमानीत शिरते आणि आतून गंज धरते.

पावसाळ्यात कसे ठेवायचे?

शिलाई मशीनचं तेल, सांध्यात एक थेंब, पात्यावर बोटाने पुसट थर. खोबरेल नको, ते थंडीत थिजतं आणि जुनं झालं की चिकट होऊन सांधा जाम करतं. चामड्याच्या घरात ठेवू नका, चामडं ओल धरतं. मी सुती कापडात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवतो, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. कोकणात राहत असाल तर जूनपासून दर पंधरा दिवसांनी डबा उघडा. शिंगाच्या मुठीला कीड लागते, डब्यात भुसा दिसला तर लगेच वेगळा काढा.

सेल्युलॉइडच्या, म्हणजे जुन्या काळच्या प्लास्टिकच्या, मुठीचे चाकू तर कायम वेगळे ठेवायचे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या त्या सुंदर रंगीत, शिंपल्यासारख्या चमकणाऱ्या मुठी म्हातारपणी विरघळू लागतात आणि आम्लाची वाफ सोडतात. ती वाफ शेजारच्या चाकूंची पातीही खाते. डबा उघडल्यावर कापरासारखा किंवा आंबूस वास आला, किंवा एकाच चाकूभोवती गंज पसरलेला दिसला, तर कारण तेच. हे सेल्युलॉइड झटकन पेटतंही, देवघरातल्या दिव्याजवळ नको.

कायदा काय म्हणतो?

शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोडतात. घरकाम, शेती, कारखान्यासाठीचे वगळून. आपले खिशातले चाकू त्याच्या बरेच आत असतात. पण खटक्याच्या चाकूंना काही ठिकाणी वेगळे, कडक नियम आहेत. दिल्लीत बटणाचा चाकू ७.६२ सेंटीमीटरपेक्षा लांब आणि १.७२ सेंटीमीटरपेक्षा रुंद पात्याचा असेल तर गुन्हा होऊ शकतो. महाराष्ट्रात सण, निवडणुका अशा वेळी पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात, तेव्हा साधा चाकूही खिशात नको. बाजारातून घरी आणताना मी चाकू कागदात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवतो. विमानात हातातल्या सामानात नाही, तपासून दिलेल्या बॅगेत.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठी: तिथे तीन इंचांपर्यंतच्या पात्याचा, न अडकणारा मिटता चाकू जवळ बाळगता येतो. कडीवाला ओपिनेल त्यात बसत नाही.

किती पैसे लागतात?

वाटतं त्याहून कमी. माझ्या निम्म्या चाकूंना पाचशे रुपयेही पडलेले नाहीत. महाग पडतात त्या चुका: चकाकी बघून घेतलेला घासलेला चाकू, मोडक्या कमानीचा ‘दुरुस्त करू’ म्हणून घेतलेला. वर्षाला चार घ्या, पण पूर्ण रुंदीच्या पात्याचे आणि टक् वाजणारे.

घरात आत्ताच एक जुना चाकू सापडला आहे. आधी काय करू?

पुसू नका. उजेडात ठेवून दोन्ही बाजूंचे आणि ठशाचे फोटो काढा. मग घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला दाखवा आणि तो कुणाचा, कशाला वापरायचे, कुठून आणला ते विचारा. हे आजच विचारा. ठशावरून कारखाना आणि साल पुढच्या वर्षीही कळेल, ही माहिती कळेलच असं नाही. ती कागदावर लिहून चाकूसोबत त्याच कापडात ठेवा.

आजोबांच्या चाकूसोबतची चिठ्ठी मी आजीला विचारून लिहिली होती. तिच्यात लिहिलं आहे: ‘१९५१ की ५२, नक्की आठवत नाही. पुण्याला ट्रेनिंगला गेले तेव्हा घेतला. मोठं पातं आंब्याला. छोट्याने कधी फळ कापू दिलं नाही.’